गोल्फमध्ये शंभर फोडायचेत (अठरा होलला शंभरपेक्षा कमी स्ट्रोक, म्हणजे फटके), पण सराव नक्की कसला करायचा? अनुभव येऊ द्या

दोन वर्षं झाली गोल्फ खेळतोय. आठवड्यातनं दोनदा रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जातो, शंभर बॉलची बादली घेतो, घामाघूम होऊन घरी येतो. रेंजवर सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा क्लब, म्हणजे काठी) असा जातो की शेजारचा थांबून बघतो. आणि रविवारी कोर्सवर पहिल्या टीवर (जिथून होल सुरू होतो तिथे) उभं राहिलं की ये रे माझ्या मागल्या. १०७, ११०, १०५, परत १०९. वर्षाच्या सुरुवातीला डायरीत ठसठशीत लिहिलं होतं "यंदा शंभरच्या आत", ते पान आता उघडवत नाही.

तर ज्यांचा स्कोअर खरंच खाली आलाय त्यांनी लिहा, ध्येय काय धरलं होतं आणि सराव कसा बसवला. "मन लावून खेळा", "मान खाली ठेवा" हे नको, ते माझी बायकोपण सांगते आणि ती गोल्फ खेळत नाही. नेमकं लिहा, किती बॉल, किती अंतरावरून, काय मोजलं. फसलेले प्रयोग असतील तर ते आधी लिहा.

*

तुमचं डायरीतलं पान मीही लिहिलेलं आहे, तीन वर्षं ओळीने. मग एका पावसाळी दुपारी बसून साधा हिशोब केला. पार ७२ चा कोर्स (पार म्हणजे ठरलेले स्ट्रोक), नऊ होलवर बोगी (पारपेक्षा एक जास्त) आणि नऊ होलवर डबल बोगी (दोन जास्त), बेरीज ९९. म्हणजे शंभर फोडायला एकही पार लागत नाही! हे कळल्यावर जरा हसूच आलं, कारण मी प्रत्येक होलवर पार काढायला धावत होतो आणि त्या नादात आठ-नऊ मारून घेत होतो.

मग जुनी दहा स्कोअरकार्डं काढली आणि जिथे ट्रिपल किंवा त्याहून वाईट झालं तिथे आठवून आठवून कारण लिहिलं. बहुतेक ठिकाणी एकच, टीवरून ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) आणि बॉल ओबी, म्हणजे हद्दीबाहेर. ओबीचा हिशोब लोक नीट करत नाहीत, एक पेनल्टी आणि परत तिथूनच मारायचं, म्हणजे टीवरून मारलेला दुसरा बॉल हा तुमचा तिसरा स्ट्रोक. तो बरा बसला तरी डबलची तयारी झालेलीच असते.

त्यानंतर ध्येय बदललं, एका राउंडमध्ये दोनपेक्षा जास्त पेनल्टी नकोत. स्कोअर कितीही होऊ दे. आमच्या कोर्सवरचे जे तीन अरुंद होल आहेत तिथे ड्रायव्हर बॅगेतच, हायब्रिड (ड्रायव्हरपेक्षा आखूड, सोपा क्लब) काढायची. रेंजवर दोन झेंड्यांच्या मध्ये फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) कल्पायचा आणि दहा टी शॉट, किती आत पडले एवढंच वहीत. पहिल्या दिवशी दहात चार होते. सातवर यायला अडीच महिने लागले. ९८ त्याच सीझनला आले, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी एकही शॉट लक्षात राहण्यासारखा नव्हता.

*

माझं सगळं पटिंगवर (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, बॉल लोटण्यावर) आहे म्हणून तेवढंच लिहिते. राउंडला सहा-सात थ्री-पट (एका ग्रीनवर तीन पट) व्हायचे. मला वाटायचं माझी लाइन चुकते, म्हणून ग्रीनवर मागून पुढून वाकून बघायचे, मागचा ग्रुप खोळंबायचा. आमच्या प्रोने (कोचने) एकदा नुसतं उभं राहून बघितलं आणि म्हणाला, ताई, तुमची लाइन अर्धा फूट चुकते आणि अंतर सहा फूट चुकतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

तेव्हापासून सराव असा. ग्रीनवर तीस फुटांवर एक टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) खोचायची, होलच्या भोवती तीन फुटांचं वर्तुळ मनात धरायचं (माझ्या पटरएवढी त्रिज्या, त्यामुळे मोजायला सोपं), दहा बॉल. होलमध्ये जायची अपेक्षाच नाही, वर्तुळात थांबला की एक मार्क. दहात सात हे ध्येय. मग वीस फूट, मग चाळीस, आणि एकाच अंतरावर दोनदा ओळीने मारायचं नाही. चढावर आणि उतारावर वेगळं मोजायचं, हे मी उशिरा सुरू केलं आणि तिथेच खरा घोळ निघाला, उतारावर मी घाबरून पटर मध्येच थांबवत होते.

दुसरं म्हणजे तीन फुटांचं रिंगण. अमेरिकेचा प्रो फिल मिकलसन होलभोवती बॉल मांडून असे शंभर ओळीने टाकायचा म्हणतात. मी वीसवर ठेवलं. चुकला की एकपासून. सतरा झाले की छाती धडधडायला लागते, अठराव्याला हात कडक होतात, आणि तो बॉल होलच्या काठाला वळसा घालून बाहेर. एका संध्याकाळी मी चार वेळा सतराच्या पुढे जाऊन परत एकवर आले, अंधार पडला, माळीदादा पाइप घेऊन उभे, मी म्हणतेय थांबा हो जरा. पण मॅचमध्ये तीन फुटांवर उभं राहिल्यावर जे होतं ते तिथे आधीच होऊन गेलेलं असतं. आता थ्री-पट दोन किंवा तीन.

आणि एक, आठ फुटांचा पट टूरवरचे प्रोसुद्धा साधारण निम्मेच टाकतात. होल केवढा, १०८ मिलिमीटर. त्यामुळे आठ फुटांवरून चुकल्यावर पटर आपटणाऱ्यांनी आपण कोण याचा विचार करावा.

*

वरच्या ताईंचा सराव चांगलाच आहे पण मी उलट बाजूचा. मी अख्खा सीझन पटिंगला दिला आणि जेमतेम दोन स्ट्रोक वाचले. मग मार्क ब्रोडी यांचं काम वाचनात आलं. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक, स्ट्रोक्स गेन्ड ही मोजणी (एका शॉटने सरासरीपेक्षा किती स्ट्रोक वाचले) त्यांच्याकडून आली, पीजीए टूरने (अमेरिकेतली प्रो स्पर्धांची मालिका) २०११ पासून पटिंगसाठी ती अधिकृतपणे वापरायला घेतली. त्यांचा निष्कर्ष असा की चांगला आणि सुमार खेळाडू यांच्या स्कोअरमधला जवळपास दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांच्या बाहेरच्या शॉट्समधून येतो. म्हणजे लांबचे शॉट. आणि माझे लांबचे शॉट म्हणजे एक टॉप (बॉलच्या डोक्यावर), एक फॅट (आधी जमिनीला), एक बरा.

सराव फक्त कॉन्टॅक्टचा केला. गवतावर पांढऱ्या स्प्रेने सरळ रेघ मारायची, रेघेवर बॉल ठेवायचा, आणि मारल्यावर डिव्हट (उखडलेलं गवत) रेघेच्या पुढे पडला की मागे एवढंच बघायचं. बॉल कुठे गेला ते बघायचंसुद्धा नाही, हे फार अवघड जातं, मान आपोआप वर होते. मॅटवर (रेंजवरच्या नकली गवतावर) हा सराव होत नाही कारण मॅट फसवते, क्लब दोन इंच आधी आपटला तरी घसरून बॉलला लागतो आणि शॉट झकास गेल्यासारखा वाटतो. धागाकर्त्यांचा तो शेजाऱ्याला थांबवणारा सेव्हन आयर्न मॅटवरचा आहे का, हे आधी सांगा.

*

आकडे बरोबर असतील हो, पण माझा ड्रायव्हर सुधारायला वर्ष लागेल आणि पटिंग सुधारायला सहा आठवडे लागले. शिवाय आपली गोल्फर अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकला ड्रायव्हरच्या अंतरात खूप मागे होती आणि चौथी आली, ती वेज (जवळच्या शॉटचा क्लब) आणि पटरच्या जिवावर.

*

अदितीचे लांबचे शॉट छोटे असले तरी सरळ असतात ताई. माझे लांबही नाहीत नि सरळही नाहीत. असो, दोघांचंही खरं आहे, मी गप्प बसतो.

*

मॅट आणि गवत सोडा, मुख्य घोटाळा एकच क्लब ओळीने मारण्यात आहे असं माझं मत. तिसाव्या बॉलला सेव्हन आयर्न चांगला जाणारच, आधीचे एकोणतीस मारून हात बसलेला असतो. कोर्सवर तो बसलेला हात कोण देणार? तिथे ड्रायव्हर मारून दहा मिनिटं चालायचं, मग उतरत्या लायवर (बॉल पडलेल्या जागेवर) एकच संधी. याच्यावर १९७९ चा शे आणि मॉर्गन यांचा एक जुना प्रयोग आहे, हाताने लाकडी फळ्या ठरलेल्या क्रमाने पाडायच्या. एकच क्रम ओळीने घोटणारे सरावात पुढे दिसले, सरमिसळ करणारे चाचपडत होते, आणि नंतर परीक्षा घेतली तेव्हा सरमिसळवाले सरस ठरले.

मी रेंजवर आमचा कोर्सच खेळतो. पहिला होल, ड्रायव्हर. बरा गेला तर आता आठ आयर्न, उजवीकडे गेला तर नुसता पंच (बुटका शॉट) मारून बाहेर काढायचा. मग वेज. प्रत्येक बॉलच्या आधी मागे जायचं, टार्गेट ठरवायचं, एक श्वास, मग उभं राहायचं. चाळीस बॉलला तास जातो. सुरुवातीचे तीन आठवडे मी इतका भिकार मारत होतो की लोकांनी कीव केली, त्यात खचायला होतं हे आधीच सांगून ठेवतो. पण नवीन काही शिकत असाल, ग्रिप वगैरे, तेव्हा आधी एकच क्लब घोटावाच लागतो, तिथे सरमिसळ केली तर काहीच बसत नाही. मी साधारण पहिले पंधरा बॉल घोटायला, उरलेले खेळायला असं ठेवलंय.

*

फसलेला प्रयोग हवा होता ना, हा घ्या. दर आठवड्याला नवीन व्हिडिओ, नवीन स्विंग. सोमवारी डावं मनगट, गुरुवारी उजवं कोपर, शनिवारी कंबर आधी वळवा. नव्याचे नऊ दिवससुद्धा टिकायचं नाही, नव्याचे नऊ बॉल म्हणा. १८ चा हँडिकॅप (खेळाच्या पातळीचा आकडा, कमी तितका चांगला) २३ झाला. शेवटी एक प्रो धरला, त्याने सहा आठवडे ग्रिपशिवाय काही शिकवलं नाही आणि अट घातली की या काळात स्कोअर लिहायचा नाही. मला वाटलं पैसे उकळतोय. बॉल सगळे डावीकडे जात होते, मी दोनदा जुनी ग्रिप गुपचूप पकडली आणि दोन्ही वेळा त्याने लांबून ओळखलं.

तेव्हा त्याने टायगर वुड्सचं सांगितलं. १९९७ ला मास्टर्स ही मोठी स्पर्धा बारा स्ट्रोकने जिंकला आणि त्यानंतर स्विंग मोडून परत बांधायला घेतला, १९९८ ला पीजीए टूरवर फक्त एक स्पर्धा जिंकली, आणि १९९९ ला आठ. माझ्या बाबतीत २३ चे १६ झाले, आठ वगैरे काही जिंकलं नाही, क्लबची एक मंथली मेडल (महिन्याच्या स्पर्धेचं बक्षीस) आली, ती शोकेसमध्ये आहे.

*

वय ६७, कंबर नाजूक, बादली वगैरे झेपत नाही. माझं वेळापत्रक म्हणजे आठवड्यातून दोनदा ग्रीनच्या आसपास पाऊण तास. खेळ असा, ग्रीनभोवती नऊ वेगवेगळ्या जागा, प्रत्येक ठिकाणी एकच बॉल, चिप (ग्रीनजवळून छोटा उचललेला शॉट) करायचा आणि पट करून संपवायचा. प्रत्येकाला पार दोन, एकूण १८. जागा सोप्या निवडायच्या नाहीत, बंकर (वाळूचा खड्डा), उंच गवत, उताराची बाजू, सगळं घ्यायचं. सुरुवात २९ ने झाली, आता २३-२४ असतो. ध्येय २२. एकच बॉल ही अट मोडू नका, दुसरा बॉल काढला की तो नेहमी चांगला जातो आणि माणूस स्वतःला त्याचेच मार्क देतो.

हँडिकॅपची धास्ती घेणाऱ्यांसाठी, २०२० पासूनच्या पद्धतीत शेवटच्या २० राउंडमधले सगळ्यात चांगले ८ धरून सरासरी काढतात. बारा राउंड वाईट गेले तरी ते त्यात येत नाहीत. मला हे कळलं तेव्हापासून झोप बरी लागते.

*

वेळच नाही अशांसाठी. घरात गालिच्यावर दोन नाणी, त्यांच्यामधून पटरचं डोकं जेमतेम जाईल एवढी फट. रात्री दहा मिनिटं, पन्नास स्ट्रोक, नाण्याला टक्कर किती वेळा झाली ते कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात. बॉलसुद्धा लागत नाही. मुलगी आता नाणी जवळ सरकवून ठेवते आणि मजा बघते.

*

धागाकर्ता. होय, मॅटवरचाच आहे सेव्हन आयर्न. पकडलंत.

तुमचं वाचून काल रात्री कपाटातली दहा कार्डं घेऊन बसलो. माझा मोबाइलमध्ये कुठल्या होलला काय मारलं याचा थोडाफार हिशोब असतो. दहा राउंडमध्ये मिळून ३४ पेनल्टी. थ्री-पट ५२. आणि सेव्हन आयर्न राउंडला सरासरी तीन वेळा मारलाय, तीन! आणि आठवड्याच्या दोनशे बॉलमधले निदान सव्वाशे मी त्याच्यावर घालवतो, कारण तो चांगला जातो आणि शेजारचा बघतो. लाज वाटली थोडी.

तर आता असं ठरवलंय, गुरुवारी फक्त ग्रीनवर, तीस फुटांचं वर्तुळ आणि वीसचं रिंगण. शनिवारी चाळीस बॉल, पहिले पंधरा ड्रायव्हर त्या दोन झेंड्यांमध्ये, बाकीचे पंचवीस कोर्स समजून. पुढचे दहा राउंड स्कोअर लिहीन पण बेरीज करणार नाही, फक्त पेनल्टी आणि थ्री-पट मोजेन. बेरीज बायको करून ठेवेल, लिफाफ्यात.

एकच शंका, बॉल ग्रीनच्या जरासा बाहेर फ्रिंजवर असेल आणि पटरनेच मारला तर तो पट धरायचा का?

*

नाही. बॉल ग्रीनवर असेल तरच पट. पण तेवढ्यासाठी ५२ चे ४० करू नका.