बंगईच्या (झोपाळ्याच्या) लोखंडी कड्यांवरचे रंगाचे जुने थर घरच्या घरी कसे काढावेत?

महालची सून

नमस्कार. मागच्या वर्षी नागपूरच्या महाल भागातला आमचा वाडा पाडला. त्याआधी दिरांनी विचारलं, "वहिनी, तुम्हाला यातलं काय हवं?" मी बंगई मागितली. साडेपाच फुटांची सागाची फळी, चार लोखंडी कड्या आणि प्रत्येक कडीच्या मधोमध एक राघू. दुपारची जेवणं आटोपली की सासूबाई तिच्यावर बसून वाती वळायच्या. माझ्या मुलीचं पहिलं आजारपण त्याच बंगईवर निघालं.

आता ती मानेवाड्याच्या फ्लॅटमध्ये गॅलरीत टेकवून ठेवली आहे. फळी सुताराकडे दिली. कड्यांची अवस्था मात्र अशी की राघू ओळखू येत नाही. घरात लग्न निघालं की जुन्यावरच नवा ऑइल पेंट मारायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. एका ठिकाणी पोपडा निघाला तिथे थर मोजले. सगळ्यात वर चंदेरी, मग निळा, पोपटी, क्रीम, पुन्हा निळा आणि अगदी तळाशी शेंदरी. चोच, डोळा, पंखांच्या रेषा सगळं बुजून गेलंय.

आतापर्यंत काय केलं ते सांगते. ६० नंबरच्या पॉलिश पेपरनं दोन संध्याकाळ घासलं तेव्हा एक वीतभर कडी मोकळी झाली, आणि राघूच्या खाचांत तर पेपर शिरतच नाही. थिनरच्या बोळ्यानं वरचा चंदेरी सुटला, खालचे थर हलले नाहीत. मग दुकानातून पेंट रिमूव्हर आणला. लावल्याबरोबर रंग सुरकुतला, पण खरवडायला घेईपर्यंत वाळून परत चिकटला. गॅलरीला काचा आहेत. वासानं डोकं असं धरलं की डबा बंद करून ठेवून दिला.

भाचा म्हणतो हिंगण्याच्या एमआयडीसीत सँड ब्लास्टिंग करून आण. वाळूच्या त्या माऱ्यात राघूच्या बारीक रेषाच जातील अशी मला धास्ती आहे. माझ्याकडे ग्राइंडर नाही, मोठी यंत्रं नाहीत. हात आहेत आणि तीन आठवडे आहेत. अक्षय्य तृतीयेला मुलगी येते आहे, अडीच वर्षांच्या नातीला घेऊन. तिला त्या दिवशी बंगईवर बसवायचं आहे. कुणी असं काम हातानं केलं असेल तर कृपया सांगा.

नंदनवन हार्डवेअर

ताई, एवढं हातानं घासून राहिल्या कशाला? चार इंची ग्राइंडर दिवसाच्या भाड्यानं मिळतो. त्याला तारेचा कप ब्रश लावा, एक कडी अर्ध्या तासात चकाचक. चष्मा मात्र घालाच, तारा तुटून उडतात.

काटोल रोड

आमच्या गावी नांगराचा फाळ, गाडीचे आरे असं काही साफ करायचं असलं की गोवऱ्यांच्या जाळात टाकत. रंग जळून जातो, मग फडक्यानं पुसलं की झालं. गच्चीवर करता येईल.

मोतीबागचा रंगारी

ताई, वरचे दोन्ही उपाय तुमच्या कड्यांसाठी करू नका. दोघांनी चांगल्या मनानं सांगितलंय, पण तुम्ही तळाशी शेंदरी थर आहे असं लिहिलंत तिथेच मी थांबलो.

मी मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालो. छोट्या लाइनचे डबे रंगवण्यात आयुष्य गेलं, आणि रंगवण्यापेक्षा जुना रंग काढण्यातच जास्त गेलं. लोखंडावर रंगाआधी प्रायमरचा हात देतात. त्यातला रेड ऑक्साइड विटकरी असतो, तो लोखंडाचा ऑक्साइड. जुना केशरी-शेंदरी प्रायमर मात्र बहुतेक वेळा शिशाचा असायचा. शेंदूर हाच मुळात शिशाचा ऑक्साइड आहे. पिवळ्या-पोपटी रंगांतही शिसं घालत. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा प्रत्येक थर शिशाचा आहे असंच धरून चाला. ग्राइंडर फिरला की त्याची पीठासारखी धूळ होते, जाळात टाकलं की धूर. दोन्ही छातीत जातात आणि घरभर बसतात. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो. तुमची नात दिसेल ते तोंडात घालण्याच्या वयाची आहे. कोरडा पॉलिश पेपरही आजपासून बंद करा, आणि जिथे घासलंत ती गॅलरी झाडू न मारता ओल्या फडक्यानं दोनदा पुसून घ्या. फडकं फेकून द्या.

आता उपाय. आमचे जुने मिस्त्री चुना-सोड्याचा लेप लावायचे. ऑइल पेंट तेलावर बांधलेला असतो. कॉस्टिक सोडा त्या तेलाचा साबण करतो, मग रंगाला धरून ठेवणारं काही उरत नाही. चुना लागतो तो लेप उभ्या कडीवरून ओघळू नये म्हणून. दोन्ही वस्तू इतवारीत मिळतील.

प्लास्टिकच्या बादलीत अर्धा लिटर थंड पाणी घ्या. त्यात १०० ग्रॅम कॉस्टिक थोडा थोडा टाकत लाकडी काडीनं ढवळा. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. ते उसळतं आणि अंगावर येतं. पाणी आपोआप तापेल, ते निवू द्या. मग विझवलेला चुना घालत श्रीखंडाइतकं दाट करा. ॲल्युमिनियमचं भांडं जवळपासही नको. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, डोळ्यांना सगळीकडून बंद चष्मा, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, पायात बंद चपला आणि शेजारी साध्या पाण्याची भरलेली बादली. डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा आणि लगेच डॉक्टरकडे जा. ही गोष्ट मी भीती घालायला सांगत नाही. माझ्या सोबत्याचा एक डोळा यानंच अधू झाला होता.

चंदेरी रंगात ॲल्युमिनियमची पूड असते. ती सोड्याला लागली की बुडबुडे येतात आणि जळणारा वायू निघतो. म्हणून चंदेरी आधी थिनरनं पूर्ण पुसा, थिनरचे बोळे दूर ठेवा आणि मगच लेप लावा. हे काम काचबंद गॅलरीत नको, गच्चीवर सावलीत करा. तुमचा रिमूव्हर वाळला तोही आपल्या उन्हामुळेच. एप्रिलच्या नागपुरात उघडं ठेवलेलं काहीही ओलं राहत नाही. पहाटे सहाला लेप लावा, बोटाएवढा जाड, आणि त्यावर प्लास्टिकची पन्नी घट्ट गुंडाळा. चार तासांनी एक कोपरा उघडून बघा. रंग लोण्यासारखा सरकला तर काढायला घ्या, नाही तर संध्याकाळपर्यंत राहू द्या. खरवडायला लोखंडी पत्ती नको, बांबूची कामटी घ्या. राघूच्या खाचांना दात घासायचा जुना ब्रश. सहा थर आहेत, दुसरा लेप लागेलच.

मग भरपूर पाणी. सोडा खाचेत राहिला तर नवा रंग महिन्याभरात फुगून निघतो. राहिला की गेला हे कळायला हळद वापरा. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, तीच गोष्ट. पांढऱ्या कपड्याला हळदीचं पाणी लावून वाळवा आणि ओल्या कडीवर टेकवा. लाल डाग उठला की परत धुवा. पिवळं राहिलं की शेवटचं पाणी थोडं व्हिनेगर घालून फिरवा, साध्या पाण्यानं धुवा आणि लगेच कोरडं करा. इथे आपलं ऊन कामाला येतं. पावसाळ्यात हेच केलं की डोळ्यांदेखत गंज चढतो, आता दहा मिनिटांत कडी खणखणीत वाळेल. थिनरनं एकदा पुसून त्याच दिवशी प्रायमर मारा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

खाली जाड प्लास्टिक अंथरा. निघालेला गाळ त्यातच वाळवा, पन्नीत बांधा आणि घातक कचरा म्हणून वेगळा द्या. कुंडीत, तुळशीत, नालीत नको.

प्रतापनगर

काकांच्या उत्तरात माझी एक भर. मी दोन वर्षांपूर्वी कूलरवर कॉस्टिक वापरला होता. बाहेरचा रंग सुरेख निघाला, पण खालची टाकी जस्ती पत्र्याची. जस्ताचा थर सोड्यानं खाऊन टाकला आणि मे महिन्यात टाकी तीन ठिकाणी पाझरायला लागली. ताई, कड्यांना जस्ती नटबोल्ट किंवा वायसर असतील तर ते आधी सोडवून घ्या. दुसरं म्हणजे हा लेप जुन्या ऑइल पेंटवरच चालतो. पावडर कोटिंगवर मी तोच करून पाहिला, काही झालं नाही.

महालची सून

काका, तुमचं उत्तर तीनदा वाचलं आणि छापून फ्रिजवर लावलं. शिशाचं माझ्या डोक्यातही नव्हतं. गॅलरी पुसून काढली, चादरी धुतल्या. एक विचारते. राघू सोडून कडीचा सरळ भाग आहे, तिथला रंग घट्ट बसलेला आहे. तोही काढायचा का?

मोतीबागचा रंगारी

खिडकीची जाळी असती तर मी म्हणालो असतो, घट्ट रंगाला हात लावू नका. सुटलेल्या जागेच्या कडा ओल्या पेपरनं उतरत्या करा आणि वरून नवा रंग मारा. घट्ट रंग हा चांगला प्रायमरच असतो. पण बंगईवर बसताना मूल कडी धरतं ती त्या सरळ भागालाच, आणि झोके घेता घेता कड्या एकमेकींत घासतात. तिथला रंग कधी ना कधी निघणारच. सगळा काढा. कड्या जिथे एकमेकींत अडकतात ती आतली बाजू विसरू नका.

महालची सून

पहिली कडी झाली. सांगितल्याप्रमाणे सगळं केलं, फक्त लेप चार तासांनी उघडला तेव्हा निळ्यापर्यंतच निघाला, म्हणून दुसरा लेप रात्रभर ठेवला. सकाळी कामटी लावली तर पोपटी, क्रीम, निळा आणि शेंदरी सगळे एकत्र, सालीसारखे सुटून आले. हळदीचं फडकं पहिल्या दोन धुण्यांत लाल झालं. तिसऱ्यांदाही चोचीच्या खालच्या खाचेत एक बारीक लाल ठिपका उठला. ब्रशनं तिथे पुन्हा घासलं, चौथ्यांदा पिवळं राहिलं. हळद नसती तर मी पहिल्याच धुण्यावर थांबले असते.

राघूच्या चोचीत काहीतरी आहे. तीस वर्षं मी त्या बंगईवर बसले आणि ते कधी दिसलं नाही, वाटायचं चोचच जाड आहे. फोटो काढून सासूबाईंना दाखवला. त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत, धाकट्या दिरांकडे असतात. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "कैरी आहे ती. मी लग्न होऊन आले तेव्हा पिवळी रंगवलेली होती."

म्हणजे तिला पाडाची कैरी म्हणायला हवं. काका, आज दुपारीच रेड ऑक्साइडचा हात मारला. कड्या काळ्या करणार आहे, पण चारही कैऱ्या पिवळ्याच करायच्या आहेत. तुम्ही पिवळ्या रंगातल्या शिशाचं लिहिलं होतं, म्हणून विचारते, आताचा पिवळा घेतला तर चालेल ना?

मोतीबागचा रंगारी

चालेल. डब्यावर शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत असल्याचं छापलेलं असतं, ते वाचून घ्या. दुकानदाराकडे पडून असलेला जुना डबा स्वस्तात मिळाला तरी नको. सगळ्यात लहान डबी पुरेल. रेड ऑक्साइडवर थेट पिवळा मारला तर मळकट दिसतो, म्हणून कैरीवर आधी पांढऱ्याचा एक पातळ हात द्या, मग पिवळ्याचे दोन, आणि प्रत्येक हातामध्ये एक रात्र जाऊ द्या. उरलेल्या तीन कड्या पुढच्या दहा दिवसांत आटपा, म्हणजे नात येण्याआधी रंगाला कडक व्हायला आठवडाभर मिळेल. चारही राघू झाले की फोटो टाका, मला बघायचे आहेत.