बदलापूर ते करी रोड रोजचा प्रवास: सवय कशी लावू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मार्च २०२० पासून घरूनच काम करत होते. मागच्या महिन्यापासून ऑफिसने पाचही दिवस बोलावलंय. ६.४० ला घर सोडते, बदलापूरहून फास्ट पकडून दादर, तिथून स्लोने करी रोड. परत यायला साडेआठ.

कॉलेजात असताना हाच प्रवास हसतखेळत केला होता. आता मात्र कल्याण येईपर्यंतच जीव नकोसा होतो. लेडीज डब्यात बसलेल्यांना "कुठे उतरणार?" विचारायचं, तर बहुतेकींची सीट आधीच कुणीतरी धरलेली. काल एकीने "घाटकोपर" सांगितलं आणि तिथे पोचेपर्यंत डोळा लागून तीही दादरलाच उतरली! उभं राहून टाचा भरून येतात, घरी आल्यावर मुलाचा अभ्यास घ्यायला बसले की मीच पेंगते.

रोजच्या प्रवाशांनो, फर्स्ट क्लासचा पास काढल्याने खरंच फरक पडतो का? गर्दी तिथेही असते असं ऐकते. एसी लोकलचा पास घ्यावा, तर माझ्या वेळेला ती नाही, त्यामुळे तो विचार सोडला. संध्याकाळी दादरला शिरण्यापेक्षा उलटं सीएसएमटीला जाऊन बसून येणं परवडतं का? वेळ वाढतो, पण पाठ तरी वाचेल.

आणि स्वयंपाकाचं कसं जमवता? रात्री कणीक मळून, भाजी चिरून ठेवते, तरी सकाळी धांदल होतेच. नोकरी बदल हा सल्ला मात्र नको, तो सासूबाई रोज देतात.