बेनेडिक्ट टेस्टला लाल फिल्टरच का?
एकाने विचारलंय की बेनेडिक्ट टेस्टमध्ये (सॅम्पलमध्ये कॉपर असलेलं निळं बेनेडिक्ट द्रावण घालून तापवायचं) ग्लुकोज जास्त असलं की रंग विटकरी होतो, मग कलरीमीटरचं (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) रीडिंग वाढायच्या ऐवजी कमी का येतं. अहो ते बरोबरच येतंय! आपण विटकरी रंग मोजतच नाही, तो क्युप्रस ऑक्साइडचा गाळ असतो, तो फिल्टर पेपरमधून गाळून नाहीतर सेंट्रिफ्यूज करून काढून टाकायचा आणि वर जे निळं पाणी उरतं ते मोजायचं, म्हणजे रिअ‍ॅक्शन न झालेलं कॉपर. निळं द्रावण लाल प्रकाश शोषतं म्हणून कलरीमीटरचा फिल्टर (ठरावीक रंगाचाच प्रकाश जाऊ देणारी काच) लाल, साधारण ६८० नॅनोमीटरच्या आसपासचा. ग्लुकोज वाढलं की निळा कमी, अ‍ॅब्सॉर्बन्स (किती प्रकाश शोषला ते रीडिंग) कमी, ग्राफ खाली उतरणारा.

गाळ मात्र नीट काढा, थोडा जरी तरंगत राहिला तरी प्रकाश विखुरतो आणि रीडिंग उगाच वाढतं. क्युव्हेट (द्रावण भरून यंत्रात ठेवायची छोटी चौकोनी नळी) खरबरीत बाजूनेच धरायची, गुळगुळीत बाजू टिश्यूने पुसून प्रकाशाच्या वाटेत ठेवायची, आणि फिल्टर बदलला की डिस्टिल्ड वॉटरने झीरो परत करायचा.

अजून एक, बेनेडिक्ट सगळ्या ट्यूबमध्ये सारखं आणि भरपूर हवं, वॉटर बाथमध्येही सगळ्यांना सारखाच वेळ. कॉपर संपलं की पुढे ग्लुकोज कितीही वाढवा, रीडिंग हलत नाही, कर्व्ह आडवा पडतो. ग्लुकोज किती ते माहीत नसलेलं सॅम्पल त्या आडव्या भागात आलं तर ग्राफ अंदाजाने पुढे ओढू नका प्लीज, सॅम्पल दहापट पातळ करून टेस्ट परत करा आणि उत्तराला दहाने गुणा, मुलं नेमकं तेच विसरतात.