बाळंतपणाचा धसका घेतलेल्या बाईला घरी काय शिकवावं?

आशाताई_केज
अडलेलं बाळंतपण, घाईत झालेलं सिझर, नाहीतर प्रसूतिगृहातली आरडाओरड. त्यानंतर बाई घरी येते ती झोपेत दचकते, दवाखान्याचं नाव काढलं की हातपाय गार पडतात. दीड महिन्याच्या लसीलाही बाळ सासूसोबत पाठवते. "आमचं तर शेतात झालं बाळंतपण" म्हणून घरचे तिला गप्प करतात. गृहभेटीत पंधरा-वीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात काय शिकवता येईल? दुसऱ्या खेपेच्या गरोदर बाईलाही तेच चालेल का?

समुपदेशक_परभणी
ताई, "काय झालं ते सगळं सांग" असं खोदून विचारू नका. एका बैठकीत सगळं वदवून घेतल्यानं त्रास वाढू शकतो. आपणहून बोलली तर ऐकून घ्या, मधे सल्ला नको.

शिकवायचं ते भानावर येणं. भिंतीला पाठ, तळवे जमिनीवर, डोळे उघडे. इथंच चुकतं: डोळे मिटायला सांगितलं की तीच खोली समोर उभी राहते. मग दिसणाऱ्या पाच वस्तू, हाताला लागणाऱ्या चार, तीन आवाज, दोन वास, एक चव, मोठ्यानं नाव घेत. क्रम चुकला तरी बिघडत नाही. वासाला डेटॉल-फिनेल नको, तो प्रसूतिगृहाचाच वास. हातावर चोळलेला ओवा किंवा लिंबाची साल घ्या. शेवटी, "आज अमुक वार, मी घरी आहे, बाळ माझ्याजवळ आहे." बाळ दगावलं असेल तिथं "बाळ" हा शब्द गाळा.

श्वास चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. रोखून धरायचा नाही. चक्कर आली तर ती फार खोल ओढतेय, साधा घेऊ द्या. गरोदर बाईलाही हेच, फक्त पाचव्या महिन्यानंतर उताणं झोपवू नका. बसून किंवा डाव्या कुशीवर. सराव मन शांत असताना, रोज दोनदा, दूध पाजायला बसल्यावर. घाबरल्यावर पहिल्यांदा शिकवलं तर काही डोक्यात शिरत नाही.

परिचारिका_लातूर
दवाखान्याच्या भीतीला पायऱ्या पाडा: आधी उपकेंद्राची वाट, मग फाटक, मग बाहेरचा बाक, मग आत. प्रत्येक ठिकाणी भीती थोडी उतरेपर्यंत थांबायचं. ती टोकाला असताना परत फिरलं की पुढच्या खेपेला वाढलेली असते. पायरी तिनंच ठरवावी. लस मात्र थांबवू नका, तोवर सासूच नेऊ दे.

गरोदर बाईच्या माता-बाल संरक्षण कार्डाला एक चिठ्ठी टाचा: "हात लावण्याआधी सांगा. थांबा म्हटलं की थांबा. सोबत अमुक बाई हवी." कळा सुरू झाल्यावर हे तिला सांगवत नाही.

मानसोपचार_अंबाजोगाई
महिन्यानंतरही दचकणं, टाळणं चालूच असेल तर आमच्याकडे पाठवा. बाळंतपणानंतरची उदासी तपासणाऱ्या एडिनबरो प्रश्नावलीत 10 प्रश्न असतात, मागच्या 7 दिवसांबद्दल. 30 पैकी 13 किंवा जास्त आले तर तपासणी हवी. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याचा; तिथं शून्य सोडून काहीही आलं तर बाकी गुण न बघता त्याच दिवशी आणा. वाचून दाखवत असाल तर सासू-नवरा जवळ नकोत.

पहिल्या आठवड्यातलं रडू साधारण पंधरा दिवसांत ओसरतं. पण झोपेची गरजच वाटेना, असंबद्ध बोलते, बाळाबद्दल भलताच संशय घेते, तर ही तातडीची वेळ. बाहेरची बाधा म्हणून देवऋषाकडे दिवस घालवू नका, बाळाजवळ तिला एकटं ठेवू नका. अंगावर पाजताना चालणारी औषधंही आहेत. सुरू असलेली गोळी मनानं बंद करू नये. ऊसतोडीवर गेलेल्या बाईला टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, 14416 पाठ करून द्या. मोफत आहे, रात्रीही लागतो.

आशाताई_केज
आणि धसका नवऱ्याच्या मारहाणीचा असेल तर?

समुपदेशक_परभणी
मग "मी घरी आहे" हे वाक्य वापरायचंच नाही, घरच धोक्याचं आहे. आधी सुरक्षितता: 181 ही महिला हेल्पलाइन, लगेच धोका असेल तर पोलिसांसाठी 112, जिल्ह्यातलं पीडित महिलांच्या मदतीचं सखी केंद्र. छापील कागद घरी देऊ नका, नवऱ्याच्या हाती पडतो. आणि त्याला समजावायला तुम्ही जाऊ नका. तुमची पाठ फिरली की राग तिच्यावरच निघतो.