पहिलं बाळंतपण: लेबर रूममध्ये आपलं माणूस नसेल, याचीच धास्ती वाटते. मदत हवी आहे

नमस्कार मैत्रिणींनो,

३६वा आठवडा चालू आहे. पुण्याहून साताऱ्याला माहेरी आले आहे. बाळाचं डोकं खाली आहे, वजन, पाणी, बीपी सगळं व्यवस्थित. डॉक्टर म्हणाल्या, नॉर्मलची वाट बघू. तरी रात्री जाग आली की परत डोळा लागत नाही.

कळांची भीती आहेच, पण तिची मनाची तयारी करते आहे. पहिलटकरणीला बारा-पंधरा तास किंवा जास्तही लागू शकतात, गर्भाशयाचं तोंड ५ सेंटीमीटर उघडेपर्यंतचा टप्पाच बहुतेक रेंगाळतो, हे वाचलंय. एपिड्युरलचंही (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात ते इंजेक्शन) विचारलं. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, रात्री मिळतीलच असं नाही. ठीक आहे.

मला भीती वाटते ती तिथे एकटीने पडून राहण्याची. मागच्या तपासणीला सिस्टरना विचारलं, आत कोणाला सोडता का? फाइलमधून मान वर न करता त्या म्हणाल्या, "नातेवाईक बाहेर. आम्ही असतो ना आत." पुढे विचारायचा धीरच झाला नाही.

माझ्या मामेबहिणीला दुसऱ्या एका दवाखान्यात ऐन कळांमध्ये "एवढं काय ओरडतेस, सगळ्यांनाच होतं" असं ऐकावं लागलं. किती उघडलंय, अजून किती वेळ, कोणी धड सांगत नव्हतं. तिचा मुलगा आता शाळेत जातो. टाक्यांचं दुखणं ती विसरली, पण ते बोलणं सांगताना तिचा आवाज अजून बदलतो.

घरी बोलायची सोय नाही. आई अळीव निवडता निवडता म्हणते, "देवाचं नाव घे, सगळं नीट होईल." सासूबाई फोनवर त्यांच्या वेळचं सांगतात. माया आहे दोघींची, पण माझं बोलणं तिथेच थांबतं. नवरा म्हणतो मी आत येणारच, पण तो पुण्यात. मध्यरात्री कळा सुटल्या तर तो पोचेपर्यंत काय? मला आई आत हवी आहे.

डॉक्टरांना हे कसं विचारू? त्यांना राग तर येणार नाही? आणि नाहीच म्हणाल्या, तर तुम्ही एकट्याने ते तास कसे काढलेत? कृपया "घाबरू नकोस" एवढंच लिहू नका.

प्रतिसाद:

अगं, राग कसला? सिस्टरना नको, थेट डॉक्टरांना विचार, आणि आईला घेऊनच जा. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एक बाई राहू देण्याची मुभा दिली आहे. तिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं असावं, कपडे स्वच्छ असावेत, कामात मध्ये येऊ नये, अशा अटी आहेत. खाजगीत डॉक्टर ठरवतात, पण विचारायला आधार होतो. जागतिक आरोग्य संघटनाही सोबतीची शिफारस करते. निदान कळांच्या वेळी आई जवळ असू दे, अगदी शेवटी बाहेर जाईल, असं सांगून बघ. माझ्या डॉक्टरांनी एवढं मान्य केलं होतं.

नाहीच जमलं, तर प्रत्येक तपासणीनंतर "किती उघडलंय?" हे स्वतःहून विचारत जा. मला त्यानेच धीर आला. पडून राहू नकोस, परवानगी असेल तोवर चाल. आणि ओरडावंसं वाटलं तर ओरड.

पहिल्या खेपेला बहुतेक डॉक्टर दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की या म्हणतात. तुझ्या डॉक्टरांचं काय म्हणणं आहे ते विचारून घे. पण पाणी गेलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर कळांची वाट न बघता लगेच निघायचं.

धागाकर्ती:

खूप आभार. सोमवारी तपासणी आहे, आईला घेऊन जाते. तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मला आत सोडणार असतील तर मी कपडे धुवून वेगळेच ठेवते." माझ्या जन्माच्या वेळी तिची आईही बाहेरच बसली होती, हे तिने मला आज पहिल्यांदा सांगितलं.

एक राहिलंच: कळांच्या वेळी आत असलेल्या बाईने नेमकं काय करायचं असतं? कंबर चोळणं, पाणी देणं, अजून काय? कोणाची आई, बहीण, जाऊ आत होती, त्यांनी जरूर लिहा. आईला आधीच सांगून ठेवायचंय.