मदत हवी आहे: वर्डप्रेसच्या साईडबारमध्ये तक्ता, फोटो, ठळक सूचना कोडिंग न करता कशी टाकायची?

नमस्कार मंडळी,
आमच्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे, ब वर्गातलं, त्याची वेबसाईट मी फावल्या वेळात बघतो. वर्डप्रेसवर (वेबसाईट बनवायची प्रणाली) आहे, थीम, म्हणजे साईटच्या दिसण्याचा साचा, जुन्या पद्धतीची, उजवीकडे साईडबार, म्हणजे बाजूचा अरुंद पट्टा. मला कोडिंग येत नाही, आणि मुळात प्रश्न माझ्यापुरता नाहीये, आमच्या ग्रंथपाल बाईंना हे स्वतःच्या हाताने करता आलं पाहिजे, नाहीतर मी गावाला गेलो की साईट तशीच पडून राहते.

साईडबारमध्ये हवंय ते असं: वाचनालयाच्या आणि अभ्यासिकेच्या वेळांचा छोटा तक्ता, वर्गणी-डिपॉझिट, नवीन पुस्तकांची दोन-तीन मुखपृष्ठं आणि सगळ्यात वर एक ठळक सूचना, म्हणजे "दिवाळी अंक योजना सुरू, नावं नोंदवा" वगैरे.

सध्या टेक्स्ट विजेटमध्ये (विजेट म्हणजे साईडबारमधला एकेक कप्पा) बोल्ड, इटॅलिक, यादी आणि लिंक एवढंच करता येतं, मथळा नाही, तक्ता तर नाहीच. ज्यांनी साईट करून दिली त्यांनी वेळांचा तक्ता कस्टम एचटीएमएल विजेटमध्ये, म्हणजे थेट कोडमध्ये, लिहून ठेवलाय, आता वेळ बदलायची तर त्या सगळ्या टॅगच्या जंगलात आकडा शोधायचा आणि एखादं चिन्ह जरी उडालं तरी अख्खा साईडबार खाली जाऊन पडतो. बाई त्याला हात लावायला घाबरतात आणि त्यांचं बरोबरच आहे. शिवाय त्यांच्या लॉगिनला विजेट्सचा मेनूच दिसत नाही, मला दिसतो. सूचना डीटीपीवाल्याकडून फाईलमध्ये येते, ती कॉपी करून टाकली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात.

हे सगळं एवढ्यासाठी की लोक आमची साईट उघडतात ती वेळ बघायलाच. स्पर्धा परीक्षेची पोरं आजूबाजूच्या गावांतून एसटीने अभ्यासिकेत येतात, दाराला कुलूप दिसलं तर त्यांचं भाडं आणि दिवस दोन्ही वाया जातं. कुणी नीट वाट दाखवली तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १
प्लगइनच्या (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या) यादीत क्लासिक विजेट्स नावाचं काही आहे का बघा. तुम्ही सांगताय ते वर्णन जुन्या विजेट पडद्याचं आहे. वर्डप्रेस ५.८ पासून, म्हणजे जुलै २०२१ पासून, विजेट्समध्येही पोस्टसारखेच ब्लॉक, म्हणजे मथळा, तक्ता, फोटो असे तयार तुकडे, आलेत, पण बऱ्याच जणांनी ते प्लगइन टाकून जुना पडदा ठेवलाय. ते बंद करा, आधीची विजेट्स जात नाहीत, लीगसी विजेट म्हणून तशीच राहतात. मग अपिअरन्स, विजेट्स उघडून साईडबारमध्ये अधिकचं चिन्ह दाबलं की मथळा, तक्ता, फोटो, बटण सगळं मिळतं. वेळांचा तक्ता परत टाईप करायचीही गरज नाही, साईटवर दिसतो तो माऊसने निवडून कॉपी करा आणि ब्लॉकमध्ये पेस्ट करा, बहुतेक वेळा तक्ता म्हणूनच येतो. फक्त दोनच रकाने ठेवा, साईडबारच्या रुंदीत तिसरा आला की देवनागरी शब्द मधेच तुटायला लागतात.

प्रतिसाद २
सरळ नवीन ब्लॉक थीम टाका ना, सगळंच सोपं होईल.

प्रतिसाद १
नको हो, घाई नको. ब्लॉक थीम म्हणजे अख्खी साईटच ब्लॉकची, तिच्यात विजेट्सचा मेनूच नसतो, सगळं एडिटरमधून करायचं, आणि जुना साईडबार आपोआप तिकडे येत नाही. चालू साईटवर हे करायचं तर आधी बॅकअप आणि मोकळा रविवार पाहिजे.

प्रतिसाद ३
बाईंना मेनू दिसत नाही कारण त्यांना संपादकाचं लॉगिन दिलंय, विजेट्स फक्त प्रशासकाला उघडतात. पण म्हणून त्यांना प्रशासक करू नका, तिथे चुकून थीम बदलली जाईल, प्लगइन उडेल. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तक्त्याचा नाहीच, रोजचा बदल कुणी करायचा हा आहे, आणि त्यावर बिनकोडचा मस्त उपाय आहे. "सूचना" नावाची कॅटेगरी करा. साईडबारमध्ये लेटेस्ट पोस्ट्सचा ब्लॉक टाका, त्यात ती कॅटेगरी निवडा, संख्या एक ठेवा आणि मजकुराच्या पर्यायात पूर्ण पोस्ट दाखवा असं करा. हे काम तुम्ही एकदा करायचं. पुढे बाईंनी नेहमीसारखी पोस्ट लिहायची, बोल्ड, रंग, तक्ता जे हवं ते, कॅटेगरी सूचना, प्रकाशित. साईडबार आपोआप बदलतो आणि जुनी सूचना मागे जाते. वेळांसाठी अशीच दुसरी कॅटेगरी आणि दुसरा ब्लॉक, तिथे मात्र नवी पोस्ट लिहायची नाही, तीच उघडून आकडा बदलायचा. साधा मजकूर, तक्ता, फोटो नीट दिसतात, पण पोस्टमध्ये दुसरे आपोआप बदलणारे ब्लॉक टाकू नका, ते साईडबारमध्ये उमटत नाहीत.

डीटीपीचं म्हणाल तर तो फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखीच उमटणारी अक्षरपद्धत, नाहीये, त्यामुळे असं दिसतं. कन्व्हर्टर मिळतात पण रफार आणि जोडाक्षरं तपासत बसावं लागतं. त्यापेक्षा सूचना ज्यांनी लिहिली त्यांनाच व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत टाईप करून पाठवायला सांगा, ते युनिकोडच असतं. आणि वर्डमधून काही घेतलं तर कंट्रोल शिफ्ट व्ही ने पेस्ट करा, नाहीतर तिकडची मांडणी सोबत येऊ शकते.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार! क्लासिक विजेट्स होतंच, बंद केलं, काही हललं नाही. सूचना कॅटेगरी करून बाईंना फोनवर सांगत सांगत पहिली पोस्ट टाकायला लावली, दिवाळी अंकांची, आणि साईडबारमध्ये लगेच आली, त्यांना खूप बरं वाटलं. आमचं मुखपान स्थिर पान असल्यामुळे सूचना तिथे दुसऱ्यांदा दिसत नाही तेही छान झालं. आता एकच, मोबाईलवर साईडबार पार खाली जातो, आणि आमची निम्म्याहून जास्त पोरं मोबाईलवरच बघत असणार. त्यांना वेळ वर कशी दाखवू?

प्रतिसाद ३
साईडबार असलेल्या थीममध्ये मोबाईलवर तसंच होतं, आधी मजकूर मग साईडबार. मुखपानाच्या अगदी वर तोच लेटेस्ट पोस्ट्सचा ब्लॉक टाका, वेळांची कॅटेगरी निवडून. बाई एकाच ठिकाणी आकडा बदलतील, दोन्हीकडे बदलेल. कॅशेचं, म्हणजे पानाची साठवलेली जुनी प्रत दाखवणारं, प्लगइन असेल तर बदल केल्यावर कॅशे रिकामी करायला विसरू नका, नाहीतर पोरांना कालचीच वेळ दिसेल.