पुण्यात खोली मिळाली, जेवणाचं काय? तुमच्या पहिल्या स्वयंपाकाचे अनुभव सांगा

माझी भाची लातूरहून शिकायला पुण्यात आलीय. तिघी मैत्रिणींनी मिळून कर्वेनगरात वन रूम किचन घेतलंय. किचन म्हणजे कडप्प्याचा ओटा, एक नळ आणि भिंतीत एक प्लग. मेस लावलीय, पण रविवारी संध्याकाळी मेस बंद. प्रॅक्टिकल लांबलं की दुपारची वेळ टळते. ताप आला की मेसची भाजी घशाखाली उतरत नाही. वहिनीने मला विचारलं, "ताई, हिला भांडी कुठली घेऊन देऊ?" तेव्हा म्हटलं, जे या शहरात एकटे राहून शिकले त्यांनाच विचारावं.

याद्या नकोत. पहिल्या महिन्यात काय घेतलंत, त्यातलं काय वर्षभर रोज लागलं, काय फुकट गेलं, काय चुकलं, ते या धाग्यात खाली लिहा, वर राहण्याचा भाग आणि साल टाकून.

सुरुवात मी करते. १९९९ साली नारायण पेठेत एका वाड्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली फक्त एक खाट भाड्याने घेऊन, राहत होते. तारेची विजेची शेगडी आणि आईने दिलेलं जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) पातेलं, एवढाच संसार. पातेल्यात तूरडाळ शिजायला तास-सव्वा तास लागायचा, तरी कण राहायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तीन लिटरचा कुकर घेतला आणि वरण-भात पाऊण तासाच्या आत ताटात यायला लागला. कारण नंतर कळलं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, त्यामुळे उघड्या पातेल्यातलं पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरमध्ये वाफ कोंडली की तेच तापमान १२० अंशांच्या जवळ जातं. एकच वस्तू घेण्याइतके पैसे असतील तर कुकर घ्या, असं मी आजही सांगेन.

सदाशिव पेठ, १९८२ ते ८५

ताई, तुमच्याही आधीचं सांगतो. माझे आजोबा पुण्यात माधुकरी मागून शिकले. पाच घरं ठरलेली, झोळीत जे पडेल ते जेवायचं. माझी पाळी आली तेव्हा भोरहून एसटीने डबा यायचा. सकाळी स्वारगेटला जायचं, कंडक्टरच्या शेजारी रांगेत ठेवलेल्या डब्यांतून आपला ओळखायचा, कालचा रिकामा परत द्यायचा. आईने माझ्या डब्याला लाल चिंधी बांधली होती.

भाकरी दोन्ही वेळेला पुरायची. पण उन्हाळ्यात आमटी दुपारपर्यंत आंबायची. मग आईला सांगितलं, फक्त भाकरी आणि चटणी पाठव, ओलं मी इथे करतो. दहा वातींचा स्टो घेतला. रॉकेल मालकांच्या रेशनकार्डावरचं, त्यांना उरलं तर. वाती कात्रीने एकसारख्या कापल्या नाहीत तर पिवळी ज्योत येते, खोलीभर वास आणि भांड्यावर काजळी. बुडाला बाहेरून मातीचा पातळ लेप देऊन मग भांडं चढवायचं, म्हणजे घासताना काजळी लेपाबरोबर निघून जाते. हे शेजारच्या काकूंनी शिकवलं.

तीन वर्षं मुख्यतः पिठलं खाल्लं आणि कधी कंटाळलो नाही. एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी. पीठ आधी थोड्या थंड पाण्यात हाताने कालवून घ्यायचं. तेलात मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, मिरची, कांदा, मग उरलेलं पाणी. त्याला उकळी आली की कालवलेलं पीठ धार धरून सोडायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की प्रत्येक गोळीवर बाहेरून साय धरते आणि आत पीठ कच्चं राहतं. झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं वाफ द्यायची. कच्च्या बेसनाचा वास गेला की झालं.

आईचे हात चालेनासे झाले तेव्हा भाकरीही शिकलो, पण ते पुण्यात नाही.

नवी पेठ, २०१८ ते २०२१

मी मूळचा बुलढाणा जिल्ह्यातला, स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी आलो होतो. दोन वर्षं मेसवर काढली, चहासुद्धा कधी स्वतः केला नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं आणि दोन दिवसांत मेस, चहाची टपरी, वडापावची गाडी, सगळं बंद. बरीच मुलं गावी निघून गेली, आम्ही चौघं अडकलो. एप्रिलात पेठांचा बराचसा भाग सील झाला. जेवायला पैसे होते, जेवण नव्हतं.

गावी गेलेल्या मित्राची इंडक्शन शेगडी त्याच्या खोलीतून आणली. मालकीणबाईंनी जुना पाच लिटरचा कुकर दिला. चढवला, तर शेगडी नुसती टूंटूं वाजायची. कुकर ॲल्युमिनियमचा होता. इंडक्शन खालून भांडं तापवत नाही, चुंबकीय क्षेत्राने भांड्याच्या बुडातच उष्णता तयार करते. त्यासाठी बूड सपाट आणि लोहचुंबक चिकटेल असं हवं. तो दिवस आम्ही भिजवलेले पोहे दही घालून खाल्ले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीतल्या एका आजोबांनी दोरीला पिशवी बांधून स्टीलचा कुकर खाली सोडला. त्यांना मी तोवर ओळखतही नव्हतो. तो कुकर आम्ही जुलैपर्यंत वापरला.

पहिली खिचडी फसली, कारण चौघांची भूक धरून कुकर गळ्यापर्यंत भरला. डाळ-तांदूळ शिजताना फेस येतो, तो शिट्टीच्या नळीत गेला, सगळीकडे पिवळं पाणी उडालं आणि शिट्टी अडकली. आम्ही बंद करून लांब उभे राहिलो, बरं झालं. डाळ-तांदळाला पाण्यासकट कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही. आणि दर वेळी शिट्टी काढून नळीतून उजेड आरपार दिसतो का ते पाहायचं. ही सवय मला आजही आहे.

माप असं बसलं : एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, साडेचार वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. चौघांसाठी दोनदा लावायचो. पहिल्या घाण्याचे दोघं जेवेपर्यंत दुसरा तयार. कुकर आपणहून उघडेपर्यंत थांबायचं, कारण शिजण्यातला शेवटचा भाग त्या दहा मिनिटांतच होतो.

वीज हाही एक धडा होता. शेगडी दोन हजार वॉटची, म्हणजे जवळपास नऊ अँपिअर. मालकांचा गीझरही तेवढाच. मजल्याचा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा खटका, सोळा अँपिअरचा. दोन्ही एकदम चालू झाले की मजला अंधारात. मग मालकीणबाई सकाळी गीझर बंद केला की खिडकीतून हाक मारायच्या, "पोरांनो, लावा आता!"

त्या चार महिन्यांत एकाने भाजी चिरायची, एकाने फोडणी, एकाने भांडी, एकाने किराणा आणि हिशेब, असं ठरलं होतं. दर रविवारी काम बदलायचं. भांडी जेवल्याबरोबर घासायची, या एका नियमावरून आमची दोन मोठी भांडणं झाली आणि दोन्ही वेळा नियमच बरोबर होता. आज आम्ही चौघं चार जिल्ह्यांत आहोत. फोन आला की अभ्यासाआधी त्या खिचडीचा विषय निघतो.

विमाननगर, २०१६, हॉस्टेल

शेगडीला परवानगी नव्हती, इलेक्ट्रिक किटली चालायची. त्यात मी अंडी उकडायचे, ओट्स, शेवया, सगळं करायचे. म्हणून एकदा राजमाही केला. रात्रभर भिजवला, सकाळी किटलीत टाकला. किटली पाणी उकळलं की आपोआप बंद होते. चार-पाच वेळा चालू केली, दाणा बोटाने दबला, खाल्ला. तीन तासांत उलट्या सुरू झाल्या, मैत्रिणीने रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं.

राजम्याच्या कच्च्या दाण्यात एक विषारी द्रव्य असतं. भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं सलग खळखळून उकळला तरच ते नष्ट होतं. नुसत्या कोमट-गरम पाण्यात ते तसंच राहतं. कुकरमध्ये नीट शिजवलेल्या राजम्याला काही भीती नाही. फक्त किटली असणाऱ्या मुलींनी राजम्याच्या वाटेला जाऊ नये, ही कळकळीची विनंती. मूगडाळ, दलिया, अंडी एवढ्यावर किटली खूश असते.

कोथरूड, २०११

आम्ही दापोलीकडचे. आईने एक डबा कुळथाचं पीठ आणि एक बरणी मेतकूट दिलं होतं. कुळथाची पिठी म्हणजे पातळ पिठलंच, दोन-तीन चमचे पिठात माणसाचं भागतं, वर दोन आमसुलं. गरम भात आणि पिठी, पंधरा मिनिटांत. सर्दी झाली की मी दुसरं काही मागत नाही. भाचीला घरून काय आणता येईल ते आधी बघा, दुकानात मग जा.

उत्तर, कात्रज

अगदी बरोबर. आणि लातूरची पोरगी आहे ना, मग येसर आणायला सांगा! भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले एकत्र दळलेले असतात. पाण्यात कालवून फोडणीत टाकलं, उकळलं, आमटी तयार. आमच्या आयांनी तयार पाकिटं निघायच्या कितीतरी आधी हे करून ठेवलंय. मी तीन वर्षं येसर आणि ज्वारीच्या भाकरीवर काढली. भाकरी विकतची.

आंबेगाव, २०२२

गॅसबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आम्ही पाच किलोचा सिलेंडर घेतला, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र चालतं. दोन जणांना सकाळ-संध्याकाळ करून महिना सहज जायचा.

एके रात्री वास आला. माझा रूममेट पहिल्यांदा लाइट लावायला धावला. मी त्याचा हात धरला, कारण माझे वडील गॅस एजन्सीत कामाला होते आणि त्यांनी हे लहानपणापासून घोकून घेतलं होतं : वास आला की बटण चालूही करायचं नाही, बंदही करायचं नाही, दोन्ही वेळा ठिणगी पडते. आम्ही अंधारातच रेग्युलेटर बंद केला, दार-खिडकी उघडली, बाहेर जिन्यात जाऊन बसलो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. म्हणून वरची खिडकी पुरत नाही, दार उघडं लागतं, आणि सिलेंडर बंद कपाटात कधी ठेवायचा नाही. नळी उंदराने कुरतडली होती. दुसऱ्या दिवशी नारिंगी सुरक्षा नळी घेतली, तिच्यावर छापलेली मुदत बघून. शेगडी नेहमी सिलेंडरपेक्षा उंच ठेवा. तिघी मुलींना हे तोंडी सांगू नका, एकदा हाताने करून दाखवा.

शनिवार पेठ, सध्या

खरेदीपुरतं थोडं. स्टीलची भांडी तुळशीबागेत बघा, खिशात लोहचुंबक घेऊन जा आणि बूड हाताने दाबून बघा. पातळ बुडाच्या कढईत कांदा करपतो आणि आपल्याला वाटतं आपल्यालाच येत नाही. मी पहिल्या महिन्यात नॉनस्टिकचा तीन भांड्यांचा संच घेतला. सहा महिन्यांत स्टीलच्या चमच्यांनी त्याचा थर गेला. त्याच पैशांत एक जाड लोखंडी कढई आली असती. सुरी एकच घ्या, पण चांगली. किसणी, सोलाणं, झारा यांच्यासाठी थांबा, गरज पडली की आपोआप कळतं.

पोळ्या करायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका, हे माझं ठाम मत. पुण्यात गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत. पोळी विकत, वरण-भाजी घरी.

धागाकर्ती, पुन्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिघींना घेऊन तुळशीबागेत गेले. सपाट बुडाचा तीन लिटरचा स्टीलचा कुकर, दोन पातेली, जाड कढई, एक सुरी (विळी नको म्हणाल्या), पळी, गाळणी आणि मिसळणाचा डबा घेतला. इंडक्शन माझी जुनी दिली, घरमालकांना विचारून, आणि भिंतीतला प्लग सोळा अँपिअरचा आहे ना ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घेतलं. किटलीत राजमा नाही, हे भाचीने स्वतःच्या हाताने कागदावर लिहून ओट्यावर चिकटवलंय. वहिनीने एसटीने येसर पाठवलाय, तो उद्या पोचेल.

काल रविवार, संध्याकाळी मेस बंद होती. रात्री सव्वानऊला भाचीचा फोन आला. पिठलं केलं होतं, भोरच्या काकांसारखं पीठ थंड पाण्यात कालवून. एकही गुठळी नाही झाली म्हणाली. मीठ कमी पडलं, तर तिघींनी वरून शेंगदाण्याची चटणी घेतली. आता विचारतेय, मटकीला मोड किती वेळात येतात. मी सांगितलं, रात्रभर भिजव, मग फडक्यात घट्ट बांधून ठेव, सध्याच्या हवेत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत येतील. थंडीत अजून एक दिवस लागतो.